रंगीत छायाचित्रांचे कृष्णधवल रूपांतर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरात हौशी आणि व्यावसायिक छायाचित्रकारांना संपादन शिकवताना गेली काही वर्षे जे प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिले, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत लग्नसमारंभांची कामे घेणारे आहेत, चादर आणि टॉवेलच्या दुकानांसाठी छायाचित्रे काढणारे आहेत आणि घरातला जुना अल्बम जपू पाहणारेही आहेत. प्रत्येक उत्तर स्वतंत्रपणे वाचता येईल असे लिहिले आहे. जेथे एका उत्तराचा धागा दुसऱ्यात आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कृष्णधवल करताना सॉफ्टवेअर नेमके काय करते? रंग काढून टाकते, एवढेच ना?

रंगीत फोटोतील प्रत्येक बिंदूत तांबडा, हिरवा आणि निळा अशा तीन संख्या असतात. आठ बिटांच्या फाइलमध्ये प्रत्येक संख्या ० ते २५५ यांच्या दरम्यान असते. कृष्णधवल फोटोत प्रत्येक बिंदूला एकच संख्या उरते. तीन संख्यांची एक करायची तर कोणत्या रंगाला किती वजन द्यायचे हे कोणाला तरी ठरवावे लागते, आणि ते आपण ठरवले नाही तर सॉफ्टवेअर आपल्या नेहमीच्या सूत्राने ठरवून मोकळे होते. प्रचलित सूत्रांपैकी एकात तांबड्याला ०.२९९, हिरव्याला ०.५८७ आणि निळ्याला ०.११४ इतके वजन असते, कारण माणसाच्या डोळ्याला या तिघांत हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत गडद भासतो. हे सूत्र चुकीचे नाही. मात्र तुमच्या फोटोत महत्त्वाचे काय आहे, हे त्याला ठाऊक नसते. रंगांमुळे वेगळ्या दिसणाऱ्या दोन गोष्टी राखाडी छटांमध्येही वेगळ्या दिसल्या पाहिजेत, आणि त्यासाठी कोणती उजळ करायची व कोणती गडद, हे छायाचित्रकाराने स्वतः ठरवायचे असते. या पानावरील बहुतेक प्रश्न घोटाळतात ते याच ठिकाणी.

२. कॅमेऱ्यातच कृष्णधवल मोड लावून फोटो काढले तर चालणार नाही का?

रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलमध्ये, काढत असाल तर जरूर चालेल, आणि नवशिक्यांना मी ते सुचवतोही. मागच्या पडद्यावर राखाडी चित्र दिसते, त्यामुळे प्रकाश आणि आकार यांच्याकडे लक्ष जाते; फाइलमध्ये मात्र तिन्ही रंगांची माहिती जशीच्या तशी राहते. जेपेगमध्ये काढत असाल तर हा मोड लावू नये. कॅमेरा रंग कायमचे टाकून देतो आणि पुढे कोणताही रंग वेगळा उजळ अथवा गडद करता येत नाही. एका वर्षी गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, मी स्वतः दिवसभर असेच जेपेग काढले. शेंदरी फेटे आणि त्यांच्यामागची हिरवी झाडी एकाच राखाडी रंगात बुडून गेली, आणि त्या फायलींवर नंतर कितीही काम केले तरी ती दोन वेगळी झाली नाहीत.

३. डिसॅच्युरेट करणे आणि ‘ब्लॅक अँड व्हाइट’ आज्ञा वापरणे यांत खरोखर फरक पडतो का?

पडतो, आणि तो आकड्यांत दाखवता येतो. फोटोशॉपमधील डिसॅच्युरेट ही आज्ञा बिंदूतील सर्वांत मोठी आणि सर्वांत लहान संख्या घेऊन त्यांची सरासरी काढते. डोळ्याला तो रंग किती उजळ भासतो याचा ती विचार करत नाही. हळदीने माखलेल्या धोतराचा पिवळा रंग तांबडा २३०, हिरवा १८०, निळा ३० असा आहे आणि शेजारच्या साडीचा गडद निळा रंग ४०, ६०, २२० असा आहे, असे समजू. डिसॅच्युरेट केल्यावर दोन्ही रंग १३० वर येतात, म्हणजे धोतर आणि साडी यांच्यात कणभरही फरक उरत नाही. प्रश्न १ मधील सूत्राने तेच पिवळे १७८ होते आणि निळे ७२. डोळ्याला जो फरक ढळढळीत दिसत होता, तो या सूत्रात टिकतो.

ब्लॅक अँड व्हाइट ही आज्ञा याच्याही पुढे जाते. फोटोशॉपमध्ये ती २००७ च्या सीएस३ आवृत्तीपासून आहे आणि तिच्यात तांबडा, पिवळा, हिरवा, आकाशी, निळा आणि किरमिजी असे सहा स्लायडर असतात. लाइटरूममध्ये असे आठ स्लायडर असून त्यांत नारिंगी आणि जांभळा हे रंग वेगळे मिळतात. ही आज्ञा नेहमी अॅडजस्टमेंट लेयर म्हणून लावावी, म्हणजे खालचा रंगीत फोटो शाबूत राहतो आणि सहा महिन्यांनी मत बदलले तरी स्लायडर पुन्हा हलवता येतात.

गिंपमध्ये डिसॅच्युरेट या नावाखालीच ल्युमिनन्स, ल्युमा, लाइटनेस, अॅव्हरेज आणि व्हॅल्यू असे पर्याय दिलेले असतात. त्यांतील लाइटनेस वर सांगितल्याप्रमाणे वागतो. घाईत एकच निवडायचा असेल तर ल्युमिनन्स निवडावा.

४. सोलापुरी चादरीचा फोटो कृष्णधवल केला आणि नक्षीच दिसेनाशी झाली. रंगीत फोटोत तर ती उठून दिसते. असे का?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा आला आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो. आपल्याकडच्या चादरींवरची नक्षी बहुधा दोन ठसठशीत, परस्परविरोधी रंगांच्या सुतांत उठवलेली असते. डोळ्याला ती रंगांच्या विरोधामुळे दिसते; उजेडाच्या दृष्टीने दोन्ही सुते जवळपास सारखीच असू शकतात. एका चादरीवर आयड्रॉपर (बिंदूच्या रंगाचे आकडे दाखवणारे साधन) ठेवून घेतलेले आकडे असे होते: लाल जमिनीचा रंग २००, ३०, ४० आणि तिच्यावरील हिरव्या मोरपिसांचा रंग ३०, १०५, ५०. प्रश्न १ मधील सूत्र लावले तर लाल ८२ वर येतो आणि हिरवा ७६ वर. दोनशे छप्पन्न पायऱ्यांपैकी केवळ सहा पायऱ्यांचा फरक उरला. सुताच्या पिळावर पडणाऱ्या सावल्याच त्याहून अधिक चढउतार करतात, म्हणून मोरपिसे त्यांत विरून जातात.

आता फक्त तांबडा चॅनेल, म्हणजे प्रत्येक बिंदूतील तीन संख्यांपैकी केवळ तांबड्याची संख्या, पाहा. तेथे लाल जमीन २०० वर आहे आणि हिरवी नक्षी ३० वर: उजळ जमिनीवर काळीभोर मोरपिसे. फक्त हिरवा चॅनेल पाहिला तर चित्र उलटते. जमीन ३० आणि नक्षी १०५, म्हणजे गडद जमिनीवर उजळ मोरपिसे. एकाच फोटोतून दोन पूर्णपणे वेगळ्या चादरी निघतात आणि दोन्ही तितक्याच खऱ्या आहेत. निवड करताना मी ती चादर हातात घेऊन पाहतो. विणकराने नक्षी जमिनीवर चमकावी म्हणून विणली असेल तर दुसरा पर्याय घ्यावा. जमीनच भडक आणि नक्षी खोल असेल तर पहिला.

करायचे कसे, तर ब्लॅक अँड व्हाइट लेयरमध्ये तांबडा स्लायडर एका बाजूला आणि हिरवा दुसऱ्या बाजूला हलवावा. चॅनेल मिक्सर वापरत असाल तर त्यातील मोनोक्रोम हा पर्याय लावून तांबडा ६० टक्के, हिरवा ४० टक्के, निळा ० अशी सुरुवात करावी. वरील उदाहरणात त्याने जमीन १३२ वर आणि नक्षी ६० वर येते, जे कोणताही एकच चॅनेल घेण्यापेक्षा सौम्य दिसते. तिन्ही टक्क्यांची बेरीज १०० च्या आसपास ठेवली म्हणजे फोटोचा एकूण उजेड फारसा बदलत नाही.

चादरीत तिसरे सूत असेल, समजा पिवळ्या रंगाची किनार असेल, तर तांबडा आणि हिरवा हे दोन्ही तिच्यात मिसळलेले असल्यामुळे चॅनेल मिक्सरमध्ये ती दोन्हींबरोबर ओढली जाते. अशा वेळी दोन स्वतंत्र लेयर करून मास्कने (लेयरचा परिणाम ठरावीक भागापुरता ठेवणाऱ्या पडद्याने) किनार वेगळी काढणे सोपे पडते. आणि एकरंगी पांढऱ्या टर्किश टॉवेलचा फोटो असेल तर वरचे काहीच लागू पडत नाही. त्याचे उत्तर प्रश्न १० मध्ये आहे.

५. माझ्याकडे फोटोशॉप नाही. मोबाइलवर हे सगळे करता येईल का?

बरेचसे करता येईल. स्नॅपसीडमधील ब्लॅक अँड व्हाइट साधनात तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा असे रंगीत फिल्टर निवडता येतात. जुन्या काळी भिंगापुढे रंगीत काच लावत, तिचेच हे अनुकरण आहे. नियम सोपा आहे: फिल्टरचा जो रंग, तो रंग फोटोत उजळतो आणि त्याच्या विरुद्धचा गडद होतो. लाइटरूमच्या मोबाइल आवृत्तीत तर आठही स्लायडर मिळतात. संगणकावर पैसे न भरता काम करायचे असेल तर गिंप आणि डार्कटेबल ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. गिंपमधील मोनो मिक्सर प्रश्न ४ मधील चॅनेल मिक्सरचेच काम करतो.

६. स्लायडर हलवण्याआधी काही करावे लागते का? प्रत्येक फोटोला तेच आकडे ठेवले तर चालत नाही.

आधी व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरी वस्तू फोटोत पांढरीच दिसेल असा रंगांचा समतोल, नीट करावा. फोटो शेवटी राखाडीच होणार, मग रंग बरोबर असण्याची गरज काय, असे अनेकांना वाटते. पण स्लायडर रंग ओळखूनच काम करतात. पिवळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोत पांढरा सदरासुद्धा पिवळसर असतो, त्यामुळे पिवळा स्लायडर हलवला की चेहरा, सदरा आणि भिंत सगळेच एकदम हलते. व्हाइट बॅलन्स सुधारला की सदरा त्यातून सुटतो. तुमचे आकडे एका फोटोवरून दुसऱ्यावर लागू न पडण्याचे कारण बहुधा हेच असते. फोटोशॉपमध्ये लेयर लावल्यावर हाताचे चिन्ह निवडून थेट फोटोवर डावीकडे किंवा उजवीकडे ओढण्याची सोय आहे. ज्या जागेवर बोट ठेवले तिथल्या रंगाचा स्लायडर आपोआप हलतो. कोणता भाग कोणत्या रंगाचा आहे हे शिकण्यासाठी याहून चांगली पद्धत मला माहीत नाही.

७. चेहरे एक तर पांढरेफटक होतात, नाही तर काळवंडतात. त्वचेसाठी योग्य आकडा कोणता?

ठरावीक आकडा नाही, पण दिशा सांगता येते. आपल्या लोकांची त्वचा सावळी असो वा गोरी, तिचा रंग नारिंगी पट्ट्यात पडतो; ओठ आणि कुंकू तांबड्या पट्ट्यात. लाइटरूममध्ये नारिंगी स्लायडर हा चेहऱ्याचा उजेड ठरवतो. फोटोशॉपमध्ये नारिंगी वेगळा नसल्याने तांबडा आणि पिवळा एकत्र हलवावे लागतात, आणि दोघांतले अंतर फार वाढवले तर गालांवर चट्टे उमटतात.

तांबड्या चॅनेलमध्ये त्वचा गुळगुळीत दिसते, कारण मुरमे, डाग आणि लालसरपणा तेथे आजूबाजूच्या त्वचेइतकेच उजळ होतात. निळ्या चॅनेलमध्ये तीच त्वचा खरखरीत दिसते. प्रत्येक सुरकुती आणि वांग उठून येतो. नववधूचा फोटो आणि हुरड्याच्या शेतात कणसे भाजणाऱ्या सत्तरीच्या शेतकऱ्याचा फोटो यांना एकच उपाय लावू नये, तो यामुळे. शेतकऱ्याच्या चेहऱ्यासाठी मी तांबड्याचे वजन कमी करून हिरव्याचे वाढवतो. कपाळावरच्या आठ्या आणि उन्हाने रापलेली त्वचा त्यात खरी दिसते.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. सावळ्या व्यक्तीचा चेहरा उजळ करून देण्याची मागणी लग्नाच्या कामांत सर्रास होते आणि नारिंगी स्लायडर वर नेला की ते क्षणात साधते. पण त्याबरोबर गालावरचा आणि नाकावरचा उजेड सपाट होतो, चेहऱ्याला गोलाई राहत नाही आणि माणूस ओळखूही येईनासा होतो. सावळ्या त्वचेवरचे सौंदर्य तिच्या उजळपणात नसते, तिच्यावर चमकणाऱ्या प्रकाशात असते. म्हणून स्लायडर जागेवर ठेवून कर्व्हमध्ये (छटा उजळ-गडद करणाऱ्या आलेखात) फक्त उजळ टोक किंचित उचलावे.

८. हळदीच्या समारंभातले फोटो कृष्णधवल करावेत का?

शक्यतो करू नयेत. पिवळा हा इतका उजळ रंग आहे की हळद लावलेला चेहरा राखाडीत पीठ फासल्यासारखा दिसतो, आणि पिवळा स्लायडर खाली आणला तर चिखल लावल्यासारखा. ज्या फोटोचा आशयच रंगात आहे तो रंगीत ठेवावा. सोललेल्या डाळिंबाचे दाणे, दुकानात उंच रचलेल्या रंगीबेरंगी चादरी, रांगोळी यांनाही हेच लागू आहे. हळदीतलेच, पण हात, बांगड्या आणि हसणे यांवर नजर जाते असे क्षण मात्र कृष्णधवलात चांगले उतरतात.

९. भुईकोट किल्ल्यामागचे आकाश गडद करण्यासाठी निळा स्लायडर पूर्ण खाली नेला, तरी काहीच फरक पडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दोष आहे का?

दोष सॉफ्टवेअरमध्ये नाही. बहुधा हा फोटो एप्रिल-मेमध्ये काढलेला असतो. चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात, हवेत धूळ असताना, सोलापूरचे आकाश निळे नसून पांढरे असते. त्या बिंदूंतील तिन्ही संख्या सारख्याच असतात. स्लायडर फक्त रंगावर चालतो, आणि जेथे रंगच नाही तेथे त्याला धरायला काही नसते. हाच फोटो पावसाळा सरताना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी काढला तर निळा स्लायडर थोडा खाली नेताच आकाश गडद होते आणि ढग उठून दिसतात. पांढऱ्याच आकाशावर काम करायचे असेल तर वरून खाली विरळ होत जाणारा मास्क घेऊन उजेड कमी करावा, आणि तोही बेताने.

निळे आकाश असूनही स्लायडर टोकाला नेल्यावर आकाशात चौकोनी डाग दिसतात आणि बुरुजाच्या कडेने पांढरी रेघ उमटते, अशीही तक्रार येते. त्याची कारणे दोन आहेत. बहुतेक कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर निम्मे बिंदू हिरवा प्रकाश टिपतात आणि तांबडा व निळा यांच्या वाट्याला प्रत्येकी केवळ पाव बिंदू येतात, शिवाय निळा संकेत सहसा दुबळा असतो. त्यामुळे त्या चॅनेलमध्ये कणकण अधिक असते. दुसरे म्हणजे जेपेग फाइल रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा ढोबळपणे साठवते आणि आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकटींत साठवते. रंगीत फोटोत हे डोळ्याला कळत नाही. एकच रंग ओढून ताणला की चौकटी उघड्या पडतात. म्हणून असे काम रॉ फाइलवर आणि सोळा बिटांत करावे. बारा बिटांच्या रॉमध्ये प्रत्येक चॅनेलला ४,०९६ पायऱ्या असतात, चौदा बिटांत १६,३८४; आठ बिटांच्या जेपेगमध्ये अवघ्या २५६.

१०. यात्रेतले बाराबंदी घातलेले भक्त, पांढरे टॉवेल, पांढरी फुले : पांढऱ्यावर पांढरे असलेल्या फोटोत पोत कसा आणावा?

पांढऱ्या कपड्यावरही रंगांचे स्लायडर चालत नाहीत; कारण प्रश्न ९ मधील पांढऱ्या आकाशासारखेच आहे. येथे पोत प्रकाशातून येतो आणि तो फोटो काढतानाच मिळवावा लागतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो आणि सकाळचा तिरपा प्रकाश बाराबंदीच्या प्रत्येक चुणीला एक बारीक सावली देतो. एक्सपोजर असे ठेवावे की कापडाचा सर्वांत उजळ भाग २४० च्या आसपास राहील. एकदा तो २५५ वर गेला की त्या जागी काहीच उरत नाही आणि कोणतेही सॉफ्टवेअर ते परत आणू शकत नाही. रॉ फाइलमध्ये थोडी सवलत मिळते, पण तिच्यावर विसंबू नये.

येथे एक अपवाद आहे आणि तो फार उपयोगी आहे. उन्हात उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या कपड्यावरील सावल्यांना आकाशाच्या प्रकाशामुळे हलकी निळी झाक असते. निळा स्लायडर किंचित खाली आणला की केवळ त्या सावल्या गडद होतात, उजळ भाग तसाच राहतो आणि कापडाच्या चुण्या ठळक होतात. सिद्धेश्वर तळ्याकाठी यात्रेतले सातही नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या) एका चौकटीत घेतलेल्या फोटोंवर मी हाच उपाय वापरतो. टर्किश टॉवेलसाठी दुकानातच बाजूने एक दिवा लावावा, बाकीचे बंद करावेत. उभ्या धाग्यांचे फासे लगेच दिसू लागतात.

११. गड्ड्यावर रात्री लाल-निळ्या एलईडी दिव्यांत काढलेले फोटो फार विचित्र येतात. कृष्णधवल करून ते वाचवता येतात का?

पुष्कळदा वाचतात. लाल दिव्याखाली चेहऱ्याचा तांबडा चॅनेल २५५ वर जाऊन सपाट होतो, परंतु हिरव्या चॅनेलमध्ये बहुधा नाक, डोळे, गालांची ठेवण शिल्लक असते. चॅनेल पॅनेलमध्ये तिन्ही चॅनेल एकेक करून पाहावेत आणि ज्यात चेहरा सर्वांत नीट दिसतो तो शंभर टक्के घेऊन बाकीचे शून्यावर आणावेत. उजेड वाढवताना कणकण वाढेल, पण कृष्णधवल फोटोत ती जुन्या फिल्मच्या दाण्यासारखी दिसते आणि रंगीत फोटोइतकी खुपत नाही. शुद्ध निळ्या दिव्याखालचा फोटो यापेक्षा अवघड असतो, कारण निळाच सपाट झालेला असतो आणि इतर दोन चॅनेल जवळपास रिकामे असतात. अशा फोटोचा नाद सोडावा.

१२. घरातले जुने फोटो मुळातच कृष्णधवल आहेत. ते स्कॅन करताना ग्रेस्केल निवडायचे ना?

नाही, रंगीतच स्कॅन करावेत. हे ऐकून बहुतेकांना आश्चर्य वाटते. जुन्या फोटोवर पडलेले पाण्याचे, तेलाचे, ओलीचे डाग पिवळट किंवा तपकिरी असतात. असा डाग निळा प्रकाश शोषून घेतो, त्यामुळे निळ्या चॅनेलमध्ये तो काळाकुट्ट दिसतो आणि तांबड्या चॅनेलमध्ये जवळजवळ नाहीसा होतो. रंगीत स्कॅनमधून केवळ तांबडा चॅनेल घेतला की तासाभराचे डाग पुसण्याचे काम मिनिटभरात होते. निळ्या शाईने मारलेला स्टुडिओचा शिक्का किंवा चुकून उमटलेली पेनाची रेघ याच्या उलट वागते. ती निळ्या चॅनेलमध्ये फिकट होते. एकाच फोटोवर दोन्ही असतील तर तांबडा चॅनेल मुख्य घ्यावा आणि रेघेपुरता निळा मास्कने आणून बसवावा. ग्रेस्केलमध्ये स्कॅन केले तर ही सगळी सोय आपण स्वतःच्या हाताने घालवतो. सोळा बिटांत टिफ फाइल करून ठेवावी.

१३. पणजीच्या फोटोत कुंकू अगदी काळे का दिसते? आणि तसा परिणाम आजच्या फोटोत आणता येईल का?

सुरुवातीच्या काळातील काचा निळ्या प्रकाशालाच दाद देत. पुढे आलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक काचा आणि फिल्म हिरवा प्रकाशही टिपू लागल्या, पण तांबडा त्यांना दिसतच नसे. म्हणून कुंकू, ओठ, लाल काठ हे सगळे काळे उमटे, निळे आकाश कोरे पांढरे येई आणि सावळी त्वचा प्रत्यक्षाहून अधिक गडद दिसे. तिन्ही रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म सर्वत्र रुळल्यावर हा फरक मिटला. जुना फोटो पाहून पूर्वजांच्या वर्णाबद्दल अंदाज बांधू नये, तो याचसाठी.

आजच्या रंगीत फोटोत हा परिणाम आणायचा असेल तर चॅनेल मिक्सरमध्ये तांबडा शून्यावर, हिरवा ५० आणि निळा ५० असा ठेवून पाहावा. नऊवारी आणि नथ यांच्या फोटोला तो शोभतो. कुंकवाची आडवी चिरी ठसठशीत उमटते. त्वचा मात्र गडद आणि खरखरीत होईल, त्याचे कारण प्रश्न ७ मध्ये आहे.

१४. काम झाल्यावर फाइल ग्रेस्केल मोडमध्ये बदलावी का?

फोटो कुठे जाणार आहे त्यावर हे ठरवावे. छायाचित्रांच्या लॅबकडे द्यायची प्रत एसआरजीबी या रंगसंहितेतच ठेवावी. लॅबची यंत्रे तीच अपेक्षित धरतात आणि ग्रेस्केल फाइल आली तर कधी कधी उजेड बदलून छापतात. वर्तमानपत्रासाठी किंवा एकाच काळ्या शाईत छापल्या जाणाऱ्या स्मरणिकेसाठी मात्र ग्रेस्केल करावी, अन्यथा तो राखाडी चार शायांतून छापला जाऊन कडा पुसट होण्याचा धोका असतो. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई पसरते आणि मधल्या छटा गडद होतात, म्हणून त्या प्रतीत सावल्या थोड्या उचलून द्याव्यात. थरांसहित मूळ फाइल कधीही ग्रेस्केल करू नये.

१५. पडद्यावर शुद्ध राखाडी दिसणारा फोटो लॅबमधून हिरवट छापून येतो. लॅबला दोष द्यावा का?

नेहमीच नाही. रंगीत फोटो कागदावर काळी शाई नसते; राखाडी छटा तेथे आकाशी, किरमिजी आणि पिवळ्या रंगद्रव्यांच्या समतोलातून तयार होते. समतोल जरासा ढळला तरी रंगीत फोटोत कळत नाही, पण राखाडीत लगेच हिरवा किंवा जांभळा दिसतो. शिवाय तोच कागद ट्यूबलाइटखाली एक आणि दारात उन्हात दुसरा दिसू शकतो. एका लग्नाच्या अल्बमची चाळीस पाने मी चाचणी न घेता छापायला दिली आणि सगळी शेवाळी झाक घेऊन आली. तेव्हापासून एक लहान चार बाय सहाची प्रिंट आधी काढून ती दारात नेऊन पाहिल्याशिवाय मी मोठे काम देत नाही. दुसरा उपाय म्हणजे टोनिंगमध्ये अगदी हलकी तपकिरी झाक स्वतःच द्यावी. तिच्यात यंत्राची झाक झाकली जाते. भिंतीवर लावायच्या मोठ्या चित्रासाठी राखाडी शायांचे स्वतंत्र नळे असलेल्या इंकजेट यंत्रावर छापून घेणे सर्वांत चांगले.

१६. सगळा फोटो कृष्णधवल करून फक्त कुंकू किंवा शालू लाल ठेवायचा आहे. कसे करावे?

कृष्णधवल लेयरच्या मास्कवर काळ्या ब्रशने तेवढा भाग रंगवला की खालचा रंग दिसू लागतो. जमते सहज, पण जपून वापरावे. पाहणाऱ्याची नजर त्या एका लाल ठिपक्यावर खिळते आणि चेहऱ्यापर्यंत पोहोचत नाही.

१७. एकदा कृष्णधवल केलेला फोटो पुन्हा रंगीत करता येतो का? आता तर तशी ॲप निघाली आहेत.

अॅडजस्टमेंट लेयर लावला असेल आणि फाइल थरांसहित जतन केली असेल तर लेयर बंद करताच मूळ रंग दिसतात. रंगीत मूळ फाइल गेली असेल, किंवा फोटो मुळातच कृष्णधवल असेल, तर खरे रंग परत मिळवण्याचा मार्ग नाही. प्रश्न ४ मधील लाल आणि हिरवा एकदा जवळपास एकाच राखाडीत गेले की ते कोठून आले हे त्या राखाडीवरून सांगता येत नाही. रंग भरून देणारी ॲप हजारो फोटो पाहून केवळ अंदाज करतात. गवत हिरवे आणि आकाश निळे हे त्यांना बरोबर जमते. पणजीच्या इरकलीचा रंग त्यांना ठाऊक असणे शक्य नाही. तो ठाऊक असलेले कोणी घरात अजून असेल तर त्यांना फोटो दाखवून विचारावे, आणि सांगितलेला रंग, कोणी सांगितला ते, आणि विचारल्याची तारीख हे सगळे फाइलच्या वर्णनात त्याच दिवशी लिहून ठेवावे.